विश्लेषण : ‘आमच्याकडे कुत्रा लाभत नाही’… दोष जागेचा की फिनाइलचा?

कोकणातल्या अनेक घरांत एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : ‘आमच्याकडे कुत्रा लाभत नाही.’ पहिले पिल्लू तीन महिन्यांचे असताना रक्ताचे जुलाब होऊन गेले. काही दिवसांनी हौसेने दुसरे आणले, तेही तसेच गेले. मग कुणी पिंजऱ्याची दिशा बदलायला सांगतो, कुणी गाऱ्हाणे घालायला. दोन्ही वेळा पिंजरा मात्र फिनाइलने ‘स्वच्छ’ धुतलेला असतो.

या तक्रारीत तथ्य आहे. पिल्लांचा जीव घेणारा पार्वो विषाणू खरोखरच जागेत मुक्काम करतो आणि घराघरांत वापरले जाणारे फिनाइल त्याला मारू शकत नाही. गणपतीपुळे परिसरासारख्या दमट, पावसाळी आणि जांभ्या दगडाच्या भागात उघड्यावरचा पिंजरा निर्जंतुक करणे शहरातल्या बाल्कनीपेक्षा बरेच अवघड आहे. त्यासाठी काय करावे लागते, कोणते रसायन किती घ्यायचे आणि कोणत्या गोष्टींवर कुठल्याच रसायनाचा उपयोग होत नाही, हे जाणून घेऊ.

इथे कुत्र्याला पिंजरा लागतो कशासाठी?

गावाकडचा कुत्रा मोकळा असतो, हे चित्र आता पूर्ण खरे राहिलेले नाही. त्याचे मोठे कारण बिबट्या. गावात अजूनही त्याला ‘वाघ’च म्हणतात. कुत्रा हे त्याचे सर्वांत सोपे भक्ष्य. कुत्र्याच्या मागे धावताना बिबट्या विहिरीत पडल्याच्या बातम्या रत्नागिरी जिल्ह्यातून अधूनमधून येतच असतात. त्यामुळे आंब्याच्या बागेत माकडे हाकण्यासाठी ठेवलेला कुत्रा असो की घरच्या खळ्यातला, तिन्हीसांजेला तो पिंजऱ्यात जातो आणि सकाळी बाहेर येतो. रात्रीचे दहा-बारा तास, रोज त्याच जागेवर.

गणपतीपुळ्यात आणखी एक बाब आहे. समुद्रकिनारी असलेल्या स्वयंभू गणपतीच्या दर्शनाला वर्षभर पर्यटक येतात आणि मुंबई-पुणे-कोल्हापूरहून येणाऱ्या गाड्यांमध्ये हल्ली घरचा कुत्राही असतो. निवासाच्या जाहिरातीत ‘पेट फ्रेंडली’ लिहिले, की पाहुण्याच्या कुत्र्यासाठी मागच्या बाजूला जाळीची जागा करावी लागते. एका कुत्र्याची जागा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला दिली जाते. संसर्गाच्या दृष्टीने ही व्यवस्था एखाद्या लॉजच्या न बदललेल्या चादरीसारखी आहे.

इथला पिंजरा बहुधा एकाच पद्धतीचा असतो. जांभ्याच्या चिऱ्यांचा बुटका कठडा, त्यावर जीआय जाळी, वर सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा आणि खाली माती, नाहीतर सिमेंटचा कोबा. यातली प्रत्येक वस्तू सफाईच्या वेळी वेगळी वागते, ते पुढे येईलच.

पार्वो इतका चिवट का?

विषाणूंचे ढोबळ दोन प्रकार लक्षात ठेवले, तर साफसफाईचे निम्मे गणित सुटते. काही विषाणूंभोवती चरबीचे पातळ आवरण असते. रेबीज, डिस्टेंपर आणि करोना हे याच गटातले. साबणाने ते आवरण फुटते आणि विषाणू निकामी होतो. म्हणून कुत्रा चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायला सांगतात. उघड्यावर, उन्हात असे विषाणू फार काळ टिकत नाहीत.

पार्वोला हे आवरण नसतेच. आत जनुकीय द्रव्य आणि बाहेर प्रथिनांचे घट्ट कवच, एवढाच त्याचा संसार. आकार सुमारे २५ नॅनोमीटर. फोडायला चरबीच नसल्याने साबण आणि बहुतेक सुगंधी जंतुनाशके त्याच्यापुढे हतबल ठरतात. कुत्र्यांमधला हा विषाणू १९७८ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला आणि १९८० पर्यंत तो जगभर पोहोचला होता. इतक्या वेगाने पसरण्याचे एक कारण हेच, की त्याला प्रवासासाठी आजारी कुत्र्याची गरज नसते. बुटाचा तळ, टायर, गोणपाट, भांडे पुरते.

आजारी पिल्लाच्या विष्ठेतून विषाणू प्रचंड प्रमाणात बाहेर पडतो. लक्षणे दिसण्याआधी काही दिवस आणि बरे झाल्यावरही साधारण दोन आठवडे हे सुरू राहू शकते. सावलीतल्या ओलसर मातीत तो अनेक महिने, अनुकूल परिस्थितीत वर्षभरही तग धरतो. गणेशोत्सवात गेलेल्या पिल्लाच्या जागेवर होळीला आणलेले पिल्लू आजारी पडते, ते यामुळे.

फिनाइल टाकल्यावर नेमके काय होते?

वास येतो. हे विनोदाने लिहिलेले नाही. आपल्याकडे स्वच्छता नाकाने तपासली जाते आणि फिनाइल ती परीक्षा उत्तम पास होते.

बाजारात दोन प्रकार मिळतात. काळे फिनाइल डांबरापासून मिळणाऱ्या फिनॉलवर्गीय रसायनांचे असते, पांढरे मुख्यत्वे पाइन तेलाचे. या द्रवांची ताकद सांगण्यासाठी ‘आरडब्ल्यू’ म्हणजे रिडील-वॉकर गुणांक वापरतात. बाटलीवर तो कधीकधी छापलेला असतो. ही चाचणी १९०३ ची आहे आणि ती टायफॉइडच्या जिवाणूवर केली जाते. म्हणजे गुणांक कितीही चांगला असला, तरी तो जिवाणूंबद्दल बोलतो. आवरण नसलेल्या विषाणूंबद्दल तो काहीच सांगत नाही. सुट्ट्या कॅनमध्ये दारोदार विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या फिनाइलवर तर तोही नसतो.

शिवाय काळे फिनाइल कुत्र्याच्या पंजाच्या कातडीला जाळते, चाटण्यातून पोटात जाते. घरात मांजर असेल तर ते आणखी धोकादायक, कारण फिनॉलचे विघटन करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता कमी असते. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी घरगुती अँटिसेप्टिक द्रव्येही पार्वोसाठी निरुपयोगी आणि मांजरासाठी वाईट.

गोठ्याप्रमाणे पिंजऱ्याची जमीनही शेणाने सारवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. धूळ बसते, वरचा थर नवा दिसतो. पण त्याने विषाणू मरत नाही आणि पुढे टाकलेले ब्लीच शेणातल्या सेंद्रिय पदार्थांशी झुंजण्यातच संपून जाते.

मग काय वापरायचे, आणि किती?

स्वस्त आणि खात्रीचा पर्याय म्हणजे क्लोरीन. तो दोन रूपांत मिळतो. एक, सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, म्हणजे दुकानातले लिक्विड ब्लीच. दोन, गावात प्रत्येकाच्या ओळखीची टीसीएल पावडर. ग्रामपंचायत विहिरीत आणि टाकीत टाकते, तीच.

स्वच्छ पृष्ठभागावरचा पार्वो मारण्यासाठी द्रावणात साधारण ०.१५ टक्के क्लोरीन हवा आणि पृष्ठभाग पूर्ण दहा मिनिटे ओला राहायला हवा. प्रमाण काढण्याचे सूत्र शाळेतल्या गणिताचे आहे : हवी असलेली टक्केवारी भागिले बाटलीवरची टक्केवारी, गुणिले पाणी.

दहा लिटरच्या बादलीसाठी हिशेब असा. ब्लीच ५ टक्क्यांचे असेल, तर ०.१५ ÷ ५ × १०,००० म्हणजे ३०० मिली. तेच ४ टक्क्यांचे असेल तर ३७५ मिली. टीसीएल पावडर ताजी, ३० टक्के क्लोरीनची असेल तर ५० ग्रॅम पुरते. जुनी होऊन २० टक्क्यांवर आली असेल तर ७५ ग्रॅम लागते. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून बादलीत टाकावी, अर्धा तास निवळू द्यावी आणि वरची निवळ वापरावी. खाली बसणारा चोथा चुन्याचा असतो. तो फवारणीच्या पंपाचे तोंड बंद करतो आणि पंजांनाही बाधतो.

‘थोडे जास्त टाकले तर काय बिघडते?’ बिघडते. कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा कैकपटीने तीक्ष्ण असते, तीव्र क्लोरीनने त्याचे डोळे-घसा चुरचुरतो आणि जाळी लवकर गंजते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने इथली जीआय जाळी तशीही अल्पायुषी असते. त्यात ब्लीच तसेच वाळू दिले, तर दोन पावसाळ्यांत तारा हातात येऊ लागतात. म्हणून दहा मिनिटांनंतर जाळी साध्या पाण्याने धुणे हा कुत्र्याइतकाच खिशाचाही प्रश्न आहे. नवा पिंजरा करणार असाल तर पीव्हीसी आवरणाची जाळी थोडी महाग पडते, पण अशा ठिकाणी टिकते.

टीसीएलची खरी अडचण कोकणातली हवा ही आहे. तोंड उघड्या पिशवीतली पावडर दमटपणाने गोळे धरते आणि तिच्यातला क्लोरीन उडून जातो. पिण्याच्या पाण्यासाठीही २० टक्क्यांखालची पावडर वापरू नये, अशा सूचना ग्रामपंचायतींना असतात. त्यामुळे पडवीतल्या कोपऱ्यात गेल्या वर्षीपासून पडलेली अर्धी पिशवी केवळ चुना समजावी. लिक्विड ब्लीचही उष्णतेने महिन्यागणिक कमजोर होते. लहान बाटली आणि अलीकडची उत्पादन तारीख, हे दोन निकष खरेदी करताना पुरेत. पाणी घालून केलेले द्रावण मात्र त्याच दिवशी संपवायचे.

दुसरा पर्याय पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेटच्या पावडरीचा. कोंबड्यांच्या शेडसाठी ही पावडर वापरली जाते, त्यामुळे पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानांत आणि पोल्ट्रीचे सामान विकणाऱ्यांकडे ती वेगवेगळ्या नावांनी मिळते. एक टक्का द्रावण, म्हणजे दहा लिटरला १०० ग्रॅम, दहा मिनिटे. थोडी घाण शिल्लक असली तरी ती क्लोरीनपेक्षा बरी चालते. किंमत अर्थातच जास्त.

एक सूचना मोठ्या अक्षरांत वाचावी अशी. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका. टॉयलेट क्लीनरमध्ये आम्ल असते आणि दोन्ही मिसळताच क्लोरीन वायू तयार होतो. साचलेल्या मूत्रावर थेट ब्लीच ओतल्यानेही त्यातल्या अमोनियामुळे घशाला झोंबणारे क्लोरामाइन वायू निघतात. बंद पडवीतल्या पिंजऱ्यात हे जिवावर बेतू शकते.

क्रम चुकला तर?

सगळी मेहनत पाण्यात जाते, अक्षरशः. घाणीवर ओतलेला क्लोरीन घाणीशीच झुंजत संपतो. त्यामुळे निर्जंतुकीकरण हे सफाईचे शेवटचे पाऊल आहे, पहिले नाही.

आधी कुत्रा बाहेर, दूर बांधलेला. भांडी, गोणपाट, फळी बाहेर. मग सुकी सफाई : फावड्याने विष्ठा, खराट्याने केस आणि उरलेले अन्न. पाणी या टप्प्यावर अजिबात नको, कारण ओली विष्ठा पसरते आणि कोब्याच्या भेगांत जाते. त्यानंतर साध्या कपड्यांच्या पावडरीचे पाणी आणि ताठ ब्रशने घासणे. खाली फरशी, कठडा, आणि जाळीचा खालचा दोन फूट भाग. कुत्रा मूत्र जाळीवर करतो, जमिनीवर नाही, हे बरेच जण विसरतात. मग धुऊन साबण पूर्ण काढायचा, वायपरने पाणी ओढायचे. साचलेल्या पाण्यात ब्लीच टाकले तर ०.१५ टक्क्यांचे ०.०५ होऊन जाते. आता ब्लीचचे द्रावण, दहा मिनिटे, पुन्हा साधे पाणी आणि शेवटी ऊन.

उन्हाचा इथे गमतीशीर दुटप्पीपणा आहे. ऊन क्लोरीनचे विघटन करते आणि एप्रिल-मेच्या दुपारी दहा मिनिटांचा ओलावा तीन मिनिटांतच उडवते. म्हणून द्रावण सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर टाकायचे. पण एकदा ते धुऊन टाकले, की तेच ऊन सर्वांत उपयोगी, कारण कोरड्या, तापलेल्या कोब्यावर अळ्या आणि बरेचसे जिवाणू तग धरत नाहीत. सकाळी सातला द्रावण आणि नंतर दिवसभर ऊन, हे वेळापत्रक जमते.

गाड्या धुण्याचा प्रेशर पंप अनेक निवासांत असतो. तो पिंजऱ्यासाठी वापरण्याचा मोह होतो. घट्ट चिकटलेली घाण निघते खरी, पण तिचे तुषार जाळीवर, भिंतीवर आणि धुणाऱ्याच्या तोंडावर उडतात. वापरायचाच असेल तर विष्ठा आधी उचलून आणि कमी दाबावर. हातमोजे आणि गमबूट मात्र कोणत्याही पद्धतीत हवेतच. अनवाणी पायाने पिंजरा धुण्याची सवय का सोडायला हवी, ते लेप्टोच्या भागात येईल.

एकापेक्षा जास्त पिंजरे असतील तर सुरुवात निरोगी पिल्लांपासून, मग मोठे कुत्रे आणि आजारी कुत्र्याचा पिंजरा सर्वांत शेवटी. त्याचा खराटा वेगळा. भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यांसाठी तर हा नियम कळीचा ठरणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानकांच्या आवारातील भटके कुत्रे हटवून निवाऱ्यात नेण्याचे आदेश दिले. त्यानंतर पिंजऱ्यांच्या संख्येची चर्चा भरपूर झाली. ते धुणार कोण आणि कशाने, याची फारशी झाली नाही. लसीकरण न झालेले पन्नास कुत्रे एका छपराखाली आले आणि सगळीकडे एकच ओला पोछा फिरला, तर निवारा हाच आजाराचा अड्डा होतो.

जमीन मातीची किंवा जांभ्याची असेल तर?

इथे स्पष्ट सांगायला हवे : माती निर्जंतुक होत नाही. ब्लीचची बादली मातीवर ओतली, तर वरच्या अर्ध्या इंचातल्या सेंद्रिय पदार्थांतच ती संपते. त्याखाली विषाणू, कृमींची अंडी, सगळे जिथल्या तिथे.

जांभ्याचा प्रश्न थोडा वेगळा. चिरा मजबूत दिसतो, पण तो आतून सच्छिद्र असतो. मूत्र आणि घाण पाणी तो स्पंजासारखे शोषतो आणि पावसाळी दमट दिवसांत तोच वास परत बाहेर सोडतो. ‘कितीही धुतले तरी वास जात नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा चिऱ्यातच असते. उपाय रासायनिक नाही, गवंडीकामाचा आहे. कठड्याला आतून निदान दोन फुटांपर्यंत सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, खाली घोटलेला कोबा, आणि कोपरे काटकोनात न ठेवता गोलाकार. कोब्याला दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार आणि खालच्या कडेला उघडी पन्हळ. एवढे झाले, की वर सांगितलेली ३०० मिलीची गणिते लागू होतात, त्याआधी नाही.

कोबा करणे शक्य नसेल तर वरची तीन-चार इंच माती काढून नवी चिरेखाणीची माती किंवा खडी टाकणे हा मधला मार्ग. काढलेली माती मात्र भाजीच्या वाफ्यात किंवा माडाच्या आळ्यात टाकू नये.

चुन्याची फक्की मारण्याची पद्धतही जुनी आहे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने काही जंतू मारतो. पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काही दिवसांत त्याची निव्वळ खडूसारखी भुकटी होते. ताजा असताना तो पंजे भाजतो आणि निरुपद्रवी होतो तेव्हा निरुपयोगीही होतो. रिकाम्या ठेवलेल्या पिंजऱ्यात, मातीत मिसळून, इतपतच त्याचा वापर ठीक.

आणखी एक गोष्ट नजरेआड होते : विहीर. कोकणात ती घराच्या आवारातच असते आणि जांभ्यातून पाणी सहज झिरपते. शौचखड्डा आणि विहीर यांच्यात किमान १५ मीटर अंतर ठेवायला सांगतात. पिंजऱ्याचे सांडपाणी जिथे मुरते, त्या जागेलाही तोच नियम लावावा. वहाळात सोडून देणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीवर ढकलणे.

कृमींचे काय? आणि वाळूचे?

ब्लीचची मर्यादा इथे उघडी पडते. गोलकृमीच्या अंड्याला इतके जाड कवच असते, की ब्लीच फक्त त्याचा बाहेरचा चिकट थर काढते. आतला जीव शाबूत राहतो. ही अंडी मातीत काही वर्षे टिकू शकतात. पण त्यांची एक कमजोर बाजू आहे. ताज्या विष्ठेतले अंडे लगेच संसर्ग करू शकत नाही. त्याला तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. हूकवर्म म्हणजे अंकुशकृमी घाईचा : उबदार ओल्या वाळूत किंवा मातीत त्याची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात कातडीतून शिरणाऱ्या अळ्या तयार होतात.

म्हणून कृमींविरुद्धचे सर्वांत परिणामकारक ‘जंतुनाशक’ फावडे आहे. विष्ठा रोज उचलली, तर अंडी तयार होण्याआधीच पिंजऱ्याबाहेर जातात. आठवड्यातून एकदा, रविवारी, भरपूर पाण्याने धुण्यापेक्षा रोजची पाच मिनिटे जास्त कामाची. कोब्यावर नंतर उकळते पाणी टाकले तर उरल्यासुरल्या अळ्याही मरतात. उचललेली विष्ठा खड्ड्यात, राख-माती टाकून, विहिरीपासून लांब.

किनाऱ्यालगतच्या घरांत पिंजऱ्यात वाळू पसरायची पद्धत दिसते. पाणी निथळते, वास कमी येतो, कुत्र्याला बसायला मऊ लागते. मात्र हूकवर्मच्या अळ्यांसाठी सावलीतली ओलसर वाळू म्हणजे स्वर्ग. त्या माणसाच्या पायातूनही कातडीखाली शिरतात आणि नागमोडी, प्रचंड खाजणारी लाल रेघ उमटते. पिंजऱ्यात खेळणारी मुले आणि किनाऱ्यावर अनवाणी फिरणारे पर्यटक, दोघांनाही हे होऊ शकते. भरतीच्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या पट्ट्यापेक्षा त्याच्या वरची, माडा-सुरूंच्या सावलीतली वाळू जास्त जोखमीची. किनाऱ्यावर कुत्रा फिरवणाऱ्याने पिशवी सोबत ठेवणे यासाठीच.

पावसाळ्यात पिंजरा वाळतच नाही, तेव्हा?

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इंटरनेटवर मिळणाऱ्या प्रत्येक मार्गदर्शनात ‘पूर्ण वाळू द्या’ असे लिहिलेले असते. जुलैत पुळ्यात हे वाक्य वाचणाऱ्याने काय करावे?

वाळवता येत नसेल तर ओले होणे कमी करायचे. छप्पर जाळीच्या बाहेर निदान दोन फूट, म्हणजे पागोळ्या आत पडत नाहीत. वाऱ्याच्या बाजूला मेणकापड, पण वरची फूटभर जागा मोकळी. हवा खेळली नाही तर घुसमट वाढते. धुतल्यावर वायपर आणि जमल्यास टेबल फॅन. कुत्र्याला बसायला जमिनीपासून सहा इंच उंच फळ्यांची माच, फटी ठेवलेली. गोणपाट पावसाळ्यात नकोच. शक्य असेल त्यांनी दोन कप्पे करून आलटून-पालटून वापरावेत, म्हणजे एकाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो.

पावसाळ्याचा विषय लेप्टोशिवाय पूर्ण होत नाही. मुंबईत जुलै २००५ च्या पुरानंतर हा आजार राज्यभर माहीत झाला, पण कोकणातल्या भातशेतीत तो त्याआधीपासूनच होता. उंदरांच्या मूत्रातून जिवाणू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात येतात, आठवडे टिकतात आणि पायाच्या भेगा, जखमा यांतून शरीरात शिरतात. कुत्र्यालाही लेप्टो होतो आणि वरवर बरा दिसणारा कुत्रा मूत्रावाटे जिवाणू सोडत राहू शकतो. पिंजरा अनवाणी धुणाऱ्याची जोखीम ही.

चांगली बातमी अशी, की लेप्टोचा जिवाणू पार्वोइतका चिवट नाही. ब्लीच, साबण, कोरडेपणा, सगळ्यांनी तो मरतो. वाईट बातमी अशी, की उंदीर रोज रात्री त्याला परत आणतात. आणि उंदीर येतात ते ताटलीतल्या उरलेल्या भात-मासळीसाठी. संध्याकाळी अर्ध्या तासात न संपलेले खाणे उचलून ठेवले, पाण्याचे भांडे रोज घासले, जाळीच्या खालची फट बुजवली, तर निम्मे काम ब्लीचशिवाय होते.

गोचीड हा याच पिंजऱ्यातला आणखी एक भाडेकरू. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, चिऱ्यांच्या सांध्यात किंवा पत्र्याच्या वळचणीला चढते आणि हजारो अंडी घालते. ब्लीचचा तिच्यावर परिणाम होत नाही. सांधे सिमेंटने बुजवणे आणि पशुवैद्यकाने सांगितलेले गोचीडनाशक कुत्रा व जागा दोन्हींवर एकाच वेळी वापरणे, हाच मार्ग. यातली काही औषधे मांजरांना विषारी असतात, हे दुकानात विचारून घ्यावे. (सिंधुदुर्गात २०१६ पासून आढळलेल्या माकडतापाची मुख्य वाहक गोचीड वेगळ्या जातीची, जंगलातली आहे. बागेतून आलेल्या कुत्र्याच्या अंगावरची गोचीड काढताना मात्र हातमोजे किंवा चिमटा वापरलेला बरा.)

पिल्लू गेले. त्याच जागी दुसरे कधी आणायचे?

आधी गोणपाट, लाकडी फळी, दोरी, चामड्याचा पट्टा जाळून टाकावे. त्यांचे निर्जंतुकीकरण होत नाही. स्टीलची भांडी उकळावीत. कोब्याचा पिंजरा असेल तर वरच्या क्रमाने सलग दोन-तीन वेळा ब्लीचने धुऊन महिनाभर रिकामा ठेवावा. खाली माती असेल तर हिशेब महिन्यांचा आहे. पशुवैद्यकीय मार्गदर्शनात उन्हातल्या मातीसाठी साधारण पाच आणि सावलीतल्या मातीसाठी सात महिने सांगितले जातात. आंब्याच्या किंवा माडाच्या सावलीतला पिंजरा असेल तर दुसरा आकडा धरावा.

तेवढे थांबणे शक्य नसेल, आणि बागेच्या राखणीसाठी कुत्रा हवा असेल तर ते शक्य नसतेच, तर पिल्लू न आणता लसीकरण पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणावा. पिल्लूच हवे असेल तर ते लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत आईजवळ किंवा दुसऱ्या, जिथे आजार झालेला नाही अशा घरी ठेवावे. पार्वोची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्यावी लागते. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लसींना निष्प्रभ करू शकते, म्हणून शेवटचा डोस सर्वांत महत्त्वाचा. नेमका तोच चुकवला जातो, कारण तोवर पिल्लू धडधाकट दिसत असते. घेताना लसीच्या नावात लेप्टोचा समावेश आहे का, हेही पशुवैद्यकाला विचारावे. सगळ्या संयुक्त लसींमध्ये तो नसतो आणि त्याचा डोस दरवर्षी लागतो.

पाहुण्यांचे कुत्रे उतरवणाऱ्या निवासांनी नोंदणीच्या वेळी आधारकार्डासोबत कुत्र्याचे लसीकरण कार्डही मागावे. चार महिन्यांखालचे पिल्लू असेल तर त्याला सामायिक पिंजऱ्यात न ठेवता मालकाच्या खोलीतच राहू द्यावे, आणि पाहुणे गेल्यावर बादलीत ३०० मिली मोजून टाकावे, अंदाजाने नाही.